रोग्याचा शब्द आणि शास्त्राची संज्ञा

मनुष्य जेव्हां 'मला बरें वाटत नाहीं' असें म्हणतो, तेव्हां त्याच्या शब्दावर ऐकणारानें किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न सामान्यतः वैद्यकाचा म्हणून समजला जातो. आमच्या मतें तो आधीं नीतीचा आहे व मग वैद्यकाचा. हा विचार आमच्या मनांत ज्या निमित्तानें आला, तें वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक होतें. परंतु त्या क्षुल्लक निमित्तांत आमच्या हातून जी चूक झाली तिनें आमची झोंप कांहीं दिवस उडविली. ती चूक वाचकांपुढें मांडणें हाच या लेखाचा हेतु आहे.

आम्ही चंद्रपुरांत बरींच वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों आहों. आमचा एक जुना विद्यार्थी हल्लीं संगणकाला मराठी शिकविण्याच्या उद्योगांत आहे. गेल्या दिवाळींत तो घरीं आला आणि फराळ आटोपल्यावर त्यानें आमच्यापुढें तीनशें वाक्यांची एक यादी ठेविली. हीं वाक्यें खेड्यापाड्यांतून हिंडणाऱ्या आरोग्यसेविकांच्या वह्यांतून, नांवेंगांवें गाळून, उतरून घेतलेलीं होतीं. काम सोपें होतें. प्रत्येक वाक्यांत रोग, लक्षण, औषध अगर अवयव यांचा वाचक असा जो शब्द सांपडेल, त्याखालीं खूण करावयाची. तींच वाक्यें दुसऱ्याहि एका व्यक्तीला दिलेलीं होतीं. दोघांच्या खुणा कितपत जुळतात यावरून त्या संग्रहाचा भरंवसा ठरावयाचा होता. आम्ही मोठ्या हौसेनें कबूल झालों. जन्मभर शब्दांवर पोट भरलेल्या माणसाला शब्दांखालीं रेघा ओढण्याचें काम अवघड तें काय वाटणार?

असल्या कामाची गरज कां पडावी, हें प्रथम सांगितलें पाहिजे. वैद्यकावर जगांत जें लिहिलें जातें तें सर्व वाचणें आतां कोणाच्याहि आवांक्यांत राहिलेलें नाहीं. १८७९ सालीं अमेरिकेंत जॉन शॉ बिलिंग्ज यांनीं 'इंडेक्स मेडिकस' ही वैद्यकीय लेखांची सूची सुरू केली, तेव्हां एका सूचीनें काम भागत असे. आज तेथील राष्ट्रीय वैद्यक-ग्रंथालयाच्या 'पबमेड' या सूचींत साडेतीन कोटींहून अधिक लेखांची नोंद आहे. इतक्या राशींतून हवी ती माहिती वेंचून काढावयाची तर तें काम यंत्रावरच सोंपविलें पाहिजे, आणि यंत्राला वाचावयास लावावयाचें तर त्याच्या हातीं कोश दिले पाहिजेत. म्हणून त्या ग्रंथालयानें १९६० सालीं विषयशब्दांची एक शिस्तबद्ध यादी प्रसिद्ध केली. १९८६ पासून निरनिराळ्या वैद्यकीय कोशांतील एकार्थी शब्द एका गांठीला बांधणारा एक महाकोश रचण्यास घेतला. पुढें जपानांत टोकियो विद्यापीठांत दोन हजार शास्त्रीय लेखसार घेऊन त्यांतील प्रत्येक जैविक संज्ञेवर खुणा केलेला 'जीनिया' नांवाचा संग्रह सिद्ध झाला. यंत्र शिकतें तें अशा खुणांवरून शिकतें. ज्यावर कोणीं खूण केली नाहीं, तें त्याच्या लेखीं नसल्यासारखेंच असतें.

या उद्योगाला कोणीं केवळ कारकुनी समजूं नये. शिकागो विद्यापीठांतील डॉन स्वॉन्सन यांनीं १९८६ सालीं एक मौज दाखवून दिली. माशाच्या तेलानें रक्ताचा दाटपणा उतरतो, असें कांहीं लेखांत लिहिलें होतें. थंडीनें बोटें पांढरीं पडण्याचा रेनॉ नांवाचा जो विकार आहे, त्यांत रक्ताचा दाटपणा वाढलेला असतो, असें दुसऱ्या कांहीं लेखांत होतें. पहिले लेख लिहिणारे दुसरे वाचीत नव्हते आणि दुसरे लिहिणारे पहिले वाचीत नव्हते. स्वॉन्सन यांनीं रोगी तपासला नाहीं कीं प्रयोगशाळेंत पाऊल घातलें नाहीं. सूचींच्या साह्यानें दोन्हीं बाजूंचें लेखन शेजारीं ठेवून, त्या तेलाचा या विकारावर उपयोग होईल असें अनुमान त्यांनीं काढलें, आणि पुढें प्रयोगांनीं त्याला पुष्टि मिळाली. येथें ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट ही, कीं दोन्हीं बाजूंनीं एकाच गोष्टीला एकच संज्ञा वापरली होती म्हणूनच ही गांठ पडली. संज्ञेची शिस्त ही रोग्याचीच सेवा आहे. तिची थट्टा करणारांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाहीं.

परंतु ही सर्व सिद्धता मुख्यतः इंग्रजींतील, आणि तीहि विद्वानांनीं विद्वानांसाठीं लिहिलेल्या लेखांची. आमच्यापुढें होती ती आरोग्यसेविकांची वही. मराठींत साधनें अगदींच नाहींत असें नव्हे. भाषा संचालनालयानें अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश काढले आहेत. पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' या मंडळीनें २०२२ सालीं पंचवीस हजार मराठी वाक्यांत विशेषनामांवर खुणा करून तो संग्रह सर्वांस खुला केला, हें मोठेंच काम झालें. पण त्या खुणा व्यक्ति, स्थळ, संस्था, पदनाम, काळ, परिमाण अशा वर्गांच्या आहेत. रोग अथवा लक्षण हा वर्ग त्यांत नाहीं. दुखण्याची मराठी अजून यंत्राच्या शाळेंत पुरती दाखल झालेली नाहीं.

आणि ती मराठी कशी आहे पाहा. आमचे डोळे 'येतात', तोंड 'येतें', पण पोट 'जातें'. बाईला 'दिवस गेले' म्हणजे कोणतेच दिवस कोठें गेलेले नसतात, आणि तिला 'कावळा शिवला' तर कावळा गांवांत असण्याचीहि गरज नसते. 'देवी' आल्या कीं घरोघर भीति पसरत असे, 'नागीण' कमरेला वेढा घालते, आणि चांगल्या धडधाकट माणसाचा 'जीव घाबरा होतो'. आमच्या या भागांत लहान मुलाची छाती श्वासागणिक आंत ओढली जाऊं लागली म्हणजे त्याला 'डब्बा' झाला असें म्हणतात. शहरांतला वाचक हा शब्द वाचून स्वयंपाकघराकडे पाहील. नकाराचीहि तीच गोष्ट. इंग्रजींत नकार बहुधा आधीं येऊन उभा राहतो. 'ताप, खोकला, दम नाहीं' या वाक्यांत मात्र शेवटचा एक शब्द मागील तिन्हीं दुखण्यांना एकदम पुसून टाकतो. यंत्र अर्ध्यावर थांबलें तर निरोगी माणसाला तीन रोग चिकटवून मोकळें होईल.

या गमतींत आम्ही रमून गेलों होतों. पांच-सहा संध्याकाळींत यादी संपली आणि ती आम्हीं परत धाडली. आठ दिवसांनीं विद्यार्थी दोन्हीं प्रति घेऊन आला. पुष्कळशा खुणा जुळल्या होत्या. न जुळलेल्यांपैकीं एका वाक्यावर त्यानें बोट ठेविलें. वाक्य असें होतें: 'बाळ सहा दिवसांचें. आई म्हणते हाताला थंड लागतें, कालपासून अंगावर नीट पीत नाहीं.' या वाक्यांत आम्हीं एकहि खूण केली नव्हती. दुसऱ्या व्यक्तीनें दोन ठिकाणीं 'लक्षण' अशी खूण केली होती, आणि तीं दोन्हीं महत्त्वाचीं आहेत हें दाखविण्यासाठीं समासांत एक जाड रेघ ओढली होती.

आमचें समर्थन तयार होतें. 'आई म्हणते' ही ऐकीव गोष्ट झाली. थंड लागणें हा हाताचा भास. ताप असता तर गोष्ट निराळी. पोर एक दिवस कमी प्यायलें तर तो काय रोग झाला? विद्यार्थ्यानें शांतपणें ऐकून घेतलें, आणि दुसरी प्रत गडचिरोली जिल्ह्यांत अनेक वर्षें नोकरी केलेल्या एका परिचारिकाबाईंनीं केली आहे एवढेंच सांगितलें. मग त्यानें आमच्या हातीं एक लेख दिला.

तो लेख ज्या कामावरचा आहे त्याची हकीकत महाराष्ट्रांत अनेकांस ठाऊक आहे. १९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडील अरण्यमय भाग तोडून गडचिरोली हा जिल्हा झाला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हीं दोघें १९८६ पासून तेथें 'सर्च' ही संस्था चालवीत आहेत. नवजात मुलें तेथें घरींच जन्मत आणि घरींच मरत. दवाखाना दूर, वाटेंत नदीनाले, आणि बाळंतीण व मूल यांना घराबाहेर काढावयाचें नाहीं अशी रूढि. तेव्हां या डॉक्टरांनीं गांवांतल्याच बायकांना शिकवून त्यांच्या हातीं बाळांची निगा सोंपविली. एकोणचाळीस गांवांत हा प्रयोग झाला, आणि तिसऱ्या वर्षीं तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें नवजात मुलांचे मृत्यु शेंकडा ६२ नें कमी झाले. १९९९ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत हा वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून तीच पद्धति देशभर आशा-सेविकांच्या द्वारें सरकारनें अंगीकारली.

आतां, रक्ताची तपासणी नाहीं, यंत्र नाहीं, अशा ठिकाणीं जंतुदोषानें बाळ दगावत आहे हें ओळखावयाचें कसें? सर्चच्या मंडळींनीं शेंकडों बाळांच्या नोंदी तपासून सात साध्या खुणा ठरविल्या व २००५ सालीं त्या प्रसिद्ध केल्या. बाळाचें पिणें कमी होणें किंवा थांबणें; रडणें क्षीण होणें किंवा थांबणें; हातपाय लुळे पडणें; ओकारी होणें अगर पोट फुगणें; छाती फार आंत ओढली जाणें; बेंबींत पू होणें; आणि सातवी खूण ही, कीं बाळ हाताला थंड लागतें असें आईनें सांगणें. या सातांपैकीं कोणत्याहि दोन एकाच वेळीं दिसल्या तर तो जंतुदोष समजून उपचार करावयाचा.

वाचकांनीं तें वाक्य पुन्हां एकदां वाचावें. त्यांत नेमक्या दोन खुणा होत्या. जी रेघ आम्हीं ओढली नाहीं, ती उपचाराची रेघ होती. सुदैवानें ती एक जुनी नोंद होती, आणि आमच्या अज्ञानानें त्या बाळाचें कांहीं बिघडण्यासारखें नव्हतें. पण आमच्यासारख्या हजारों खुणांवरून जें यंत्र उद्यां शिकेल, तें पुढच्या बाळाच्या नोंदीवरून डोळा फिरवून 'कांहीं विशेष नाहीं' असें म्हणेल. आणि त्याला कोणीं विचारलेंच तर तें आमच्याकडे बोट दाखवील. शिवाय तें चूक करील ती मोठ्या आत्मविश्वासानें करील, कारण शंका कशी घ्यावी हेंहि आम्हींच त्याला शिकविलेलें नसेल.

आम्हांला सर्वांत अधिक लागली ती एक गोष्ट. त्या शास्त्रीय यादींत 'शरीराचें तपमान कमी असणें' एवढेंच लिहून भागलें असतें. तसें न लिहितां 'आईनें सांगणें' हेंच लक्षण म्हणून नोंदविलें गेलें. म्हणजे जेथें आम्हीं 'आई म्हणते' हे दोन शब्द पाहून तें वाक्य ऐकीव म्हणून सोडून दिलें, तेथेंच शास्त्रानें आपली साक्ष शोधली. आम्ही वर्गांत दरसाल सांगत आलों कीं शब्दाचा अर्थ बोलणाराकडे पाहिल्याशिवाय कळत नाहीं. तोच धडा आम्ही स्वतः विसरलों, कारण बोलणारी एक अडाणी बाळंतीण होती. हा आमच्या भाषाज्ञानांतला दोष नव्हता; कोणाचें बोलणें पुरावा म्हणून धरावयाचें, याविषयींच्या आमच्या समजुतींतला तो दोष होता. कोशांतील प्रत्येक नोंदीमागें असा एक निवाडा दडलेला असतो, आणि तो करणारा स्वतःला न्यायाधीश समजत नाहीं म्हणून तो अधिकच धोक्याचा असतो.

यावर आमचे एक डॉक्टर मित्र म्हणाले, "अहो, रोगाला भाषा नसते. जंतूला मराठी येत नाहीं. रोगी कांहींहि म्हणो, निदान तें निदानच." यांत तथ्य आहे. भाषा बदलली म्हणून क्षयाचा जंतु बदलत नाहीं, आणि 'बाहेरची बाधा' हा शब्द भक्तिभावानें जपून ठेवल्यानें मलेरिया उतरत नाहीं. पण जंतूला भाषा नसली तरी जंतु झाल्याची वार्ता डॉक्टरांपर्यंत भाषेवांचून पोंचत नाहीं. ही वार्ता नेणाऱ्या माणसाला दारांतच अडविलें, तर आंत बसलेल्या शास्त्राचें शहाणपण कोणाच्या उपयोगीं पडणार? आपल्या सरकारनेंहि ही गोष्ट एके ठिकाणीं मान्य केली आहे. भारताच्या महानिबंधकांच्या पाहणींत मृत्यूचें कारण ठरवितांना घरच्या माणसांची हकीकत त्यांच्याच भाषेंत लिहून घेण्याची पद्धत या शतकाच्या आरंभापासून पडली. ती हकीकत दोन डॉक्टर निरनिराळे वाचीत, व त्यांचें न जुळल्यास तिसरा निवाडा करी. येथें संज्ञा आहे, पण तिच्याजवळ मूळ हकीकतहि आहे. म्हणून पहिल्याची चूक दुसऱ्याला दिसूं शकते.

तथापि शब्द जपले म्हणजे सर्व साधलें असेंहि कोणीं मानूं नये. गडचिरोलींतीलच दुसरें एक उदाहरण याहून कठोर आहे. बंग दांपत्यानें दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ च्या जानेवारींत 'लॅन्सेट'मध्यें निष्कर्ष दिले. आपल्याला स्त्रीरोगाची कांहीं तक्रार आहे असें सांगणाऱ्या स्त्रिया शेंकडा ५५ होत्या. प्रत्यक्ष तपासणींत विकार आढळला तो शेंकडा ९२ जणींत. आणि यापूर्वीं कधीं अशी तपासणी झालेल्या होत्या शेंकडा आठ. या तीन आंकड्यांमधील अंतरें कोणता कोश भरून काढणार? कांहीं जणींना त्रास जाणवत नसेल. पण कांहीं जणी तो बाईच्या जातीचा भोगच समजून गप्प राहिल्या असतील, असें मानण्यास आम्हांला अडचण वाटत नाहीं. लेखी मजकुरांतून माहिती काढणारें यंत्र कितीहि तरबेज झालें तरी जें बोललेंच गेलें नाहीं तें त्याला सांपडणार नाहीं. कागदावर रोग नाहीं यावरून देहांत रोग नाहीं असें ठरविणें हा तर्कदोष तर आहेच. पण तो ज्यांच्या वांट्याला येतो त्यांच्यापुरता तो अन्यायहि आहे.

शिवाय, आमच्यापुढील वाक्यें मराठी होतीं म्हणजे तीं बोलणारांचीं होतीं असेंहि नाहीं. भामरागड, एटापल्ली या बाजूस आई बोलते ती माडिया. तिचें बोलणें ऐकून मराठींत लिहिलें जातें, मराठीवरून इंग्रजी तक्ता भरला जातो, आणि मग यंत्राच्या हातीं कांहीं पडतें. २०११ च्या जनगणनेंत गोंडी बोलणारांची संख्या तीस लाखांच्या घरांत होती. तरी ती भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींत नाहीं. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ सालीं हेमलकशास गेलीं, तेव्हां त्यांना औषधांबरोबर माडियाहि शिकावी लागली. तें कांहीं वाङ्मयप्रेमानें नव्हे. कोठें दुखतें हें कळल्याशिवाय औषध देतां येत नाहीं म्हणून. ज्या गोष्टीसाठीं जिवंत डॉक्टरांना माणसांमध्यें राहून वर्षें घालवावीं लागलीं, ती यंत्राला चार याद्यांनीं येईल असें मानणें हा भोळेपणा होय.

आणखी एक शंका विद्यार्थ्यानेंच काढली, व ती रास्त होती. या वाक्यांवर हक्क कोणाचा? आईनें तें वाक्य यंत्रासाठीं उच्चारलें नव्हतें. समोर बसलेल्या ओळखीच्या बाईला, बाळ वांचावें म्हणून, सांगितलें होतें. नांव गाळलें म्हणजे झालें, असें शहरांत म्हणतां येईल. पण तीस घरांच्या पाड्यांत पाड्याचें नांव, वय आणि दुखणें एवढें सांगितलें कीं व्यक्ति ओळखली जाते. आणि दुखणें चारचौघांत न बोलण्याजोगें असेल तर तिच्या संसारावर बेततें. म्हणून शब्द घ्यावा, पण तो कोणाचा हें कळूं देऊं नये. आणि शक्य तेथें तिला विचारून घ्यावा. ज्या विश्वासावर ती बोलली तो एकदां मोडला तर शेंकडा ५५ सुद्धां बोलणार नाहींत.

मग करावें काय? आमचें उत्तर साधें आहे. संज्ञा हवीच, पण तिच्या शेजारीं रोग्याचा शब्द, तो ज्यानें उच्चारला त्याच्या बोलींत, जसाच्या तसा राहिला पाहिजे, म्हणजे उद्यां संज्ञा चुकली तर परत जावयाला वाट राहील. खुणा करणारांत भाषेचे पंडित असावेत, पण ज्यांनीं तें दुखणें हातानें चाचपलें आहे त्यांचें मत पंडितांच्या मताखालीं दडपूं नये. आणि दोघांचें जेथें जुळत नाहीं तीं वाक्यें फेंकून न देतां तींच अधिक काळजीनें वाचावीं. आमचा अनुभव असा, कीं जुळलेल्या खुणांनीं आम्हांला कांहीं शिकविलें नाहीं. न जुळलेल्या एका वाक्यानें शिकविलें.

आम्ही ती यादी परत मागून घेतली व पहिल्यापासून पुन्हां वाचली. या खेपेला जेथें जेथें 'आई म्हणते', 'सासू सांगते', 'बाई म्हणाली' असें होतें, तेथें थांबून वाचलें. पूर्वीं सोडून दिलेल्या एकोणीस वाक्यांत आम्हांला खुणा कराव्या लागल्या. त्यांपैकीं सात ठिकाणीं आमची खात्री झाली नाहीं. तेथें आम्हीं समासांत 'परिचारिकाबाईंस विचारावें' असें लिहून यादी धाडून दिली.